दोनदा मोजलेली खोली

जुन्या शहरात घर घ्यायला परदेशातून जी माणसं येतात, ती बहुतेक खिडकीच्या प्रेमात पडून येतात. सुट्टीत भटकताना कुणीतरी एखाद्या बोळात मान वर करून बघतं, निळी चौकट दिसते, कुंडीत लाल फुलं दिसतात, आणि आटोपलाच कारभार. माणूस परत जातो आणि आपलं चांगलं राहतं घर विकायला काढतो. त्या खिडकीमागच्या भिंतीला ओल आहे का, जिना कुणाच्या मालकीचा, छपराचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, असले प्रश्न प्रेमात पडलेल्यांना कधी सुचलेत? ते त्यांच्या वतीने सुचावेत म्हणून वकीलबाई होत्या.

गावात त्यांना टेपवाल्या वकीलबाई म्हणत. बाकीचे वकील काखेत फायली घेऊन हिंडायचे. ह्यांच्या पिशवीत आधी शंभर फुटी टेप, मग फाईल. टेप वडिलांची. वडील गवंडी, आणि घरात हाताशी धरायला दुसरं कुणी नाही, म्हणून लेक पाच वर्षांची झाल्यापासून टेपेचं टोक तिच्या हातात. "टोक धर, हलू नकोस," ह्या एका वाक्यावर तिचं बालपण गेलं. पुढे ती कायदा शिकली. शिकता शिकता परदेशी पाहुण्यांच्या एका लॉजवर काउंटरला बसली आणि तीन भाषा उचलल्या. त्यातली एक अगदी नीट यायची, दुसरी कामापुरती, आणि तिसरीत फक्त भांडता यायचं. वकिलीला तिसरी सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

वकीलबाईंचे दोन हट्ट होते. पहिला, घर स्वतः मोजल्याशिवाय कुणाला सही करू द्यायची नाही. दुसरा, दस्त पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने, घेणाऱ्याच्या भाषेत वाचायचा. कायद्यात तसं आहेच, पण बाकीचे वकील "ही चतुःसीमा, ह्या अटी, ही सहीची जागा" असं म्हणून पाच मिनिटांत पळ काढायचे. ह्या पूर्वेकडचं गटारसुद्धा गाळायच्या नाहीत. एकदा एक जाडजूड गिऱ्हाईक सातव्या पानावर घोरायला लागलं. बाईंनी त्याला उठवलं, पाणी दिलं आणि सातवं पान वरपासून पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या एका बाईने विचारलं, माळ्यावरची कबुतरं घराबरोबर मिळतात का? "दस्तात घेता येत नाहीत," वकीलबाई म्हणाल्या, "पण काळजी करू नका, जाणारही नाहीत." जुन्या इमारतींच्या खात्याने दारं रंगवायला हिरव्याच्या तीन छटा ठरवून दिल्या होत्या, एका हट्टी चित्रकाराला चौथी हवी होती. वकीलबाईंनी नऊ महिने खेटे घालून ती मिळवून दिली. मिळाल्यावर तो म्हणाला, निळाच बरा दिसेल. त्या दिवशी तिसरी भाषा कामी आली.

तर अशा ह्या बाईंकडे एक जोडपं आलं. बायको दातांची डॉक्टर, नुकतीच निवृत्त झालेली. बोलता बोलता समोरच्याच्या तोंडात डोकावून बघायची सवय अजून गेली नव्हती. नवरा इतका उंच की जुन्या शहरात आल्यापासून कपाळावरचं टेंगूळ उतरायला फुरसतच मिळत नव्हती. दोघांनी एक घर पसंत केलं होतं. म्हणजे पुन्हा खिडकीच. दोन घरांच्या मधून बोळ जात होता, बोळावर दगडी कमान होती, आणि कमानीच्या डोक्यावर एकच खोली, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी. "ही खोली त्या घरात आहे ना?" डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा विचारलं. त्यांना तिथे बसून आयुष्यात पहिल्यांदा काहीही न करता बाहेर बघायचं होतं.

घर विकत होता थोरला भाऊ. त्याला मुलीकडे राहायला जायचं होतं. बोळाच्या पलीकडचं घर धाकट्याचं. दोन्ही घरं पूर्वी एकच होती; बावीस वर्षांपूर्वी भावाभावांची वाटणी झाली. तो वाटणीपत्राचा दस्त केला कुणी? आमच्याच वकीलबाईंनी. नव्या नव्या वकील होत्या, पहिल्या वर्षातलं काम. कागद उघडून बघितला तर खाली आपलीच सही, तीही तेव्हाची, शेपटीला दोन वेलांट्या जास्त असलेली. बाईंना स्वतःचं कौतुक वाटलं. म्हणाल्या, चला, हे काम सोपं.

मंगळवारी सकाळी टेप घेऊन त्या थोरल्याच्या घरी गेल्या. सहा खोल्या मोजल्या, सहाही बरोबर. सातवी कमानीवरची. तिच्यात आत्या राहायची.

आत्या म्हणजे ह्या दोघा भावांची आत्या, आणि त्यांची म्हणून सगळ्या बोळाची. लग्न केलं नाही. शिंप्यांना काजं करून देण्यात हयात गेली. शहरातल्या निम्म्या पुरुषांची बटणं आत्याच्या काजांत अडकलेली होती. वय त्र्याऐंशी, डोळे आता मंद, पण हात अजून चालू. खिडकीपाशी उजेडात बसून चाचपत चाचपत काजं करायची.

"ये, बस. माझी लांबी मोजणार का?" आत्या म्हणाली.

"तुमची नको, खोलीची," वकीलबाई म्हणाल्या आणि टेप ताणली. साडेअकरा फूट. कागदावर चौदा. पुन्हा मोजली. साडेअकरा.

"अडीच फूट उंदरांनी खाल्ले की काय?"

आत्या काजं करत राहिली. भिंतींची जाडी बघावी म्हणून वकीलबाईंनी समोरचं दार उघडलं. त्यांना वाटलं होतं, मागे कपाट असेल. तिथे जिना होता. वरच्या पायरीचा कोपरा तुटलेला. ह्याच पायरीला ठेचकाळून आपण एकदा पडता पडता वाचलो होतो, हे त्यांना आठवलं, आणि कुणाच्या घरात, तेही आठवलं. हा धाकट्याचा जिना होता.

बाई तिथेच पायरीवर बसल्या. 

बावीस वर्षांपूर्वी दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. वकिलाने माझ्या दारातून यायचं आणि माझ्याच दारातून जायचं, असा दोघांचाही हुकूम होता. सोमवारी थोरल्याकडे मोजणी झाली. कमानीवरच्या खोलीत आत्या झोपली होती, उठवू नका म्हणाले; म्हणून बाईंनी खाली बोळात उतरून कमान बाहेरून मोजली, भिंतींसकट, चौदा फूट. गुरुवारी धाकट्याकडे. तिथले वळणाचे जिने चढता उतरता पूर्व कुठे नि पश्चिम कुठे ह्याचा पत्ता राहिला नव्हता. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत आत्या काजं करत बसलेली दिसली. वाटलं, भाच्याकडे आली असेल. खोली आतून मोजली, साडेअकरा फूट. चौदाची एक आणि साडेअकराची एक, अशा दोन खोल्या दोन याद्यांत गेल्या. प्रत्यक्षात खोली एकच. सव्वा-सव्वा फुटाच्या दोन भिंतींनी एका खोलीच्या दोन केल्या. गवंड्याच्या लेकीने जाडी मोजली आणि तीच विसरली!

मागून आत्याचा आवाज आला. "बावीस वर्षं लागली तुला."

वकीलबाई वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"दोन्ही कागद ह्याच खोलीत बसून वाचले. तेव्हा डोळे चांगले होते."

"मग बोलला का नाहीत?"

आत्याने दाताने दोरा तोडला. "बोलून काय करू? थोरल्याला वाटतं खोली त्याची, आणि आपण मोठ्या मनाने आत्याला ठेवलंय. धाकट्यालाही तेच वाटतं. सकाळचा डबा ह्याच्याकडून येतो, संध्याकाळचा त्याच्याकडून. जास्त कोण चांगला, ह्यात दोघांची चढाओढ. खोली एकाचीच असती ना, तर कधीच म्हणाला असता, आत्या, आता थोडे दिवस तिकडे जा. थोडे दिवस म्हणजे किती, ते तुला कळतं." मग हळू आवाजात म्हणाली, "तुझी ती चूक मला फार मानवली गं पोरी. आता ती दुरुस्त करू नकोस."

वकीलबाई टेप गुंडाळायला लागल्या. आपल्या हातून झालेल्या सगळ्यात मोठ्या चुकीने कुणाचं तरी भलं केलं होतं, आणि ती सुधारली तर त्र्याऐंशी वर्षांच्या बाईच्या डोक्यावरचं छप्पर जाणार होतं. न सुधारावी, तर डॉक्टरीणबाई दुसऱ्याची खोली विकत घेणार होत्या. सही पंधरा दिवसांवर आली होती. वकीलबाई घरी आल्या त्या रस्ताभर स्वतःला शिव्या घालतच.

वडील आता ऐंशीच्या पुढचे. अंगणात खुर्ची टाकून समोरच्या बांधकामावरच्या गवंड्यांना नावं ठेवायची, हा त्यांचा उद्योग. लेकीने सगळं सांगितलं. त्यांनी आधी पोट धरून हसून घेतलं.

"भिंत विसरलीस? माझी लेक असून?"

"बाबा, हसू नका. काय करू ते सांगा."

"मी एकदा एक भिंत अर्धा फूट चुकीच्या जागी बांधली. कुणाला कळलं नव्हतं. मीच एका दिवसात पाडली."

"मग?"

"मग सगळ्यांना कळलं. भिंतच नव्हती ना जाग्यावर!" ते पुन्हा हसले. मग चष्मा पुसून म्हणाले, "मालक चार दिवस ओरडला. पण त्याच्या पोरांची घरंसुद्धा मीच बांधली. आणि त्या म्हाताऱ्या बाईला विचारलंस का, तिला काय पाहिजे ते?"

"खोली सोडायची नाहीये त्यांना."

"ते झालं काय नको ते. मी काय पाहिजे ते विचारलं."

बाईंनी दोन दिवस विचार केला, आणि शनिवारी सकाळी सगळ्यांना आत्याच्या खोलीत बोलावलं. खुर्च्या दोनच. एकीवर डॉक्टरीणबाई, दुसरी, आता बोलण्यापुरतं जुळलेल्या थोरल्याने आणि धाकट्याने एकमेकांना "बस ना", "नाही, तू बस" करत रिकामी ठेवली. उंच नवरा दारात डोकं आपटून घेऊन मुकाट्याने जमिनीवर बसला. वकीलबाई मधोमध उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही कागद काढले आणि काय झालं, कसं झालं, चूक कुणाची, हे आधी इकडच्या आणि मग तिकडच्या भाषेत सांगितलं. सांगताना कान लाल झाले होते, पण एक शब्द गिळला नाही.

दोघे भाऊ एकदम उसळले.

"म्हणजे बावीस वर्षं मी हिला माझ्या खोलीत ठेवलं आणि हा म्हणतो त्याच्या?"

"तुझ्या? माझ्या खोलीत मी ठेवलं! तुझ्याकडचा डबा तर थंडगार असतो, आत्या मला सांगते!"

"मलाही सांगते, तुझ्या डब्यात मीठ नसतं!"

आत्या खिडकीतून बाहेर बघायला लागली. वकीलबाई प्रत्येक वाक्य परदेशी पाहुण्यांना सांगत होत्या.

"हे कशाला सांगताय त्यांना?" थोरला ओरडला.

"मी सगळं वाचते," बाई म्हणाल्या. "मिठासकट."

डॉक्टरीणबाई इतका वेळ एकेकाच्या उघड्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. त्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा. "खोली ह्यांचीही आणि त्यांचीही. मग ह्या बाई इतकी वर्षं कुणाच्या घरात राहत होत्या?"

वकीलबाईंनी प्रश्न जसाच्या तसा आत्याकडे वळवला. आणि मग वडिलांचा प्रश्न त्याला जोडला. "आत्या, तुम्हाला काय पाहिजे?"

हा प्रश्न आत्याला ह्याआधी कुणी विचारला नसावा, कारण तिने आधी मागे वळून बघितलं, दुसऱ्याच कुणाला विचारलंय की काय म्हणून. मग सुई कापडात टोचून ठेवली.

"मला खोली पाहिजे," आत्या म्हणाली. "माझी म्हणून."

 वकीलबाईंनी ते भाषांतर करून पाहुण्यांना सांगितलं. उंच नवऱ्याने बायकोकडे बघितलं. ज्या खिडकीसाठी राहतं घर विकायला काढलं, तीच आता हातची जात होती. ती दोघं उठून निघून गेली असती तर त्यांना कोण काय म्हणणार होतं? डॉक्टरीणबाई बराच वेळ त्या खिडकीकडे बघत बसल्या. हिरमोड झालेला लपला नाही, लपवलाही नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "बाकी सहा खोल्या राहतात ना? पण मला दुपारी कधीतरी इथे येऊन बसू द्यावं लागेल."

"दुपारी चालेल," आत्या म्हणाली. "सकाळी नाही. सकाळी मी कामात असते."

राहिले भाऊ. त्यांना वळवायला वकीलबाईंना अर्धा तासही लागला नाही, आणि त्यात वकिलीचा भाग थोडाच होता. खोली धाकट्याला जावी हे थोरल्याच्या जिवावर आलं होतं, थोरल्याला जावी हे धाकट्याच्या. दोघांनाही मान वर ठेवून कबूल होईल असं माणूस त्या घरात एकच होतं. "मी माझा हक्क सोडतो, आत्यासाठी," थोरला छाती काढून म्हणाला. "मी आधीच सोडला होता, मनातून," धाकटा म्हणाला. बाईंनी दोन्ही वाक्यं लिहून घेतली, माघार घ्यायच्या आत.

दुरुस्तीचा दस्त त्यांनी स्वतः लिहिला. त्यात एक कलम असं होतं: खोली एकदा बाहेरून व एकदा आतून मोजली गेल्याने ती दोन याद्यांत आली, ही चूक दस्त लिहिणाऱ्या वकिलाची आहे. बरोबरीच्या वकिलांनी सांगितलं, कशाला असं लिहिता, नजरचुकीने म्हणा, मोघम ठेवा. बाई म्हणाल्या, वाचायचं मला आहे, आणि मला मोघम वाचता येत नाही.

नोंदणी कचेरीत त्या दिवशी खच्चून गर्दी होती. टेपवाल्या बाई स्वतःचीच चूक मोठ्याने वाचणार, ही बातमी आधीच फुटली होती. दोन तरुण वकील काम नसताना बाकावर येऊन बसले होते. बाईंनी आधी पाहुण्यांच्या भाषेत सगळं वाचलं. मग, आत्याचे डोळे मंद म्हणून, तिच्यासाठी आपल्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चुकीच्या कलमाला बाकावरून हसू आलं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं, आणि ते कलम आणखी एकदा वाचलं, थोडं अजून मोठ्याने.

मग पुढचं कलम वाचायला घेतलं. कमानीवरची खोली, आतून साडेअकरा फूट, बाहेरून चौदा, दोन खिडक्या, दोन दारं. मालक. आणि त्यांनी आत्याचं पूर्ण नाव वाचलं, तिचं, तिच्या वडिलांचं आणि आडनाव.

धाकट्याने भावाच्या कानात विचारलं, "हे कुणाचं नाव?"

थोरला आत्याकडे बघायला लागला. चाळीस-पन्नास वर्षांत ते नाव त्या घरात कुणी उच्चारलंच नव्हतं. वकीलबाईंनाही ते जुन्या शाळेच्या दाखल्यावरून शोधून काढावं लागलं होतं. धाकट्याला उमजलं तेव्हा तो खाली बघायला लागला.

कारकुनाने सहीसाठी तेच नाव पुकारलं. आत्या जागची हलली नाही. डोकं एका बाजूला कलतं करून ऐकत राहिली.

"त्यांना ऐकू येत नाही का?" कारकुनाने विचारलं.

"येतं," आत्या म्हणाली. "पुन्हा एकदा घे ना."

कारकुनाने पुन्हा नाव घेतलं, ह्या वेळी सावकाश. मग आत्या उठली, पदर नीट केला आणि कुणाचाही हात न धरता टेबलापर्यंत चालत गेली.